पावसाळ्यातली घट

केदारी सरांचं जगात कोणाबद्दलही चांगलं मत नव्हतं, आणि माझं केदारी सरांबद्दल नव्हतं. लोणावळ्यातल्या एकाच कॉलेजात आम्ही सगळी नोकरी काढली. ते भौतिकशास्त्र शिकवायचे, मी रसायनशास्त्र. आमच्या दोन प्रयोगशाळांच्या मध्ये एकच भिंत होती, पावसाळाभर ओल धरणारी, आणि त्या भिंतीपलीकडून दिवसातून अनेकदा एकच शब्द ऐकू यायचा, "कशावरून?" त्यानंतर एखादा विद्यार्थी खाली मान घालून बाहेर यायचा. माझ्याकडे पाणी प्यायला येणारी निम्मी मुलं ही सरांनी हाकललेली असत.

माणूस उंच आणि किडकिडीत. पँट घोट्याच्या वर, कारण लोणावळ्याचा चिखल. अंगात गुडघ्याखाली येणारा खाकी रेनकोट, जो दसरा झाला तरी उतरत नसे. "पाऊस गेला असं कोणी सांगितलं?" असं ते विचारायचे. वेधशाळेने सांगितलं म्हटलं तर हसायचे. त्यांचं हसणं नाकातून यायचं आणि त्यात आनंद अजिबात नसायचा.

त्यांच्याशी साधं बोलणं म्हणजे परीक्षाच होती. "काल फार गारठा होता," असं कोणी म्हटलं की सर थांबून बघत राहायचे. फार म्हणजे किती? कुठे मोजला? सावलीत की उन्हात? स्टाफरूममध्ये एकदा मी म्हटलं की हल्ली भुशी धरणावर पूर्वीपेक्षा जास्त गर्दी असते. त्यावर ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही पूर्वी मोजली होती का?" मी तेव्हापासून त्यांच्यासमोर फक्त जेवणाचा डबा उघडायचे, तोंड उघडत नसे.

ते मूळचे बेडशाचे. लेण्यांच्या पायथ्याशी घरची भातशेती, ती थोरले भाऊ बघायचे. या भावाला गावात सगळे आबा म्हणत. या आबांच्या मुलाच्या लग्नाला आम्ही स्टाफची माणसं गेलो होतो. मांडव भरलेला, अंतरपाट धरलेला, गुरुजींनी मंगलाष्टकांसाठी घसा साफ केला, आणि मुहूर्ताचं मिनिट आलं असं त्यांनी जाहीर केलं. तेवढ्यात सर पुढे झाले. "कोणाच्या घड्याळाप्रमाणे?" गुरुजींच्या मनगटावरचं घड्याळ एक सांगत होतं, मांडवातलं भिंतीवरचं दुसरंच. सरांनी दोन्ही वेळा सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवल्या. नवरी हार हातात धरून ताटकळत उभी. शेवटी आबा आले आणि भावाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "दत्तू, आरं लगीन हाय ते. हितं तुजी परीक्षा न्हाई. कोन मार्क देनारे तुला?"

"पण आबा, दोन्ही घड्याळं बरोबर असू शकत नाहीत."

"नसू दे. लेकरं उबी हायती. तू जा, जेवून घे."

सर गेले, पण जेवायला नाही. मांडवाबाहेर उभं राहून त्यांनी रेल्वेच्या चौकशी खिडकीला फोन लावून खरी वेळ विचारली. तिकडून त्यांना डेक्कन क्वीनची वेळ सांगण्यात आली. ही गोष्ट आम्ही स्टाफरूममध्ये पुढे कित्येक वर्षं चवीने सांगितली.

आणखी एक प्रसंग सांगते, कारण त्यातला मुलगा पुढे येणार आहे. त्याचं नाव निलेश. दिसायला देखणा, बोलायला गोड आणि कामाला शून्य. लंबकाच्या प्रयोगात त्याचं उत्तर पुस्तकातल्या उत्तराशी शेवटच्या आकड्यापर्यंत जुळलं. सरांनी जर्नल हातात घेतलं आणि म्हणाले, "इतकं बरोबर उत्तर मला आयुष्यात आलेलं नाही. आमच्या लंबकाला येऊच शकत नाही, त्याचा दोरा ढिला आहे." मग त्यांनी ते जर्नल खिडकीतून बाहेर फेकलं. खाली पावसाचं पाणी साचलं होतं. निलेश हसत हसत खाली गेला, जर्नल उचललं, झटकलं आणि त्या वर्षी चांगल्या मार्कांनी पास झाला, कारण बाहेरून आलेल्या परीक्षकांना तो फार नम्र वाटला.

आता सरांच्या मोजणीबद्दल. किरणोत्सारी पदार्थाचे अणू आपले आपण फुटत असतात. कोणता अणू कधी फुटेल ते सांगता येत नाही, पण निम्मे फुटायला किती काळ लागेल ते ठरलेलं असतं. तापवा, गोठवा, दाबा, पूजा करा, ती गती ढळत नाही, असं आम्ही शिकलो आणि तसंच शिकवलं. मध्यंतरी परदेशात काही जणांनी म्हटलं की ती ढळते. पृथ्वी सूर्याच्या जवळ असते तेव्हा, म्हणजे जानेवारीत, गती किंचित जास्त भरते. जुलैत पृथ्वी लांब जाते तेव्हा किंचित कमी. सरांनी हे स्टाफरूममध्ये वाचून दाखवलं आणि नाकातून हसले. "यांची यंत्रं गारठली असतील," म्हणाले. "मी दाखवतो मोजून."

कॉलेजकडे एक मोजयंत्र होतं आणि शिशाच्या डबीत ठेवलेला एक छोटासा, परवानगीचा नमुना. नमुना कुलपात ठेवणं सक्तीचं, म्हणून यंत्र आणि नमुना दोन्ही त्यांनी प्रयोगशाळेच्या अंधारखोलीतल्या लोखंडी कपाटात मांडले. वरच्या फळीवर भिंगं आणि लोलक, मधल्या फळीवर यंत्र. दर सोमवारी सकाळी सर कपाट उघडायचे, मोजणी सुरू करायचे आणि दार लावून बाहेर स्टुलावर बसून राहायचे. त्या वेळात कोणी हाक मारली तर उत्तर देत नसत. विजेचा दाब सारखा राहावा म्हणून स्टॅबिलायझर, हवेतल्या ओलाव्यासाठी मापक, खोलीच्या भिंतीवर थर्मामीटर. यंत्राच्या वायरला कोणी हात लावला तर सर अंगावर धावून यायचे. निवृत्त झाले तरी दर सोमवारी येतच राहिले.

आणि मग त्यांच्या आलेखात घट दिसायला लागली. दर पावसाळ्यात, जूनमध्ये, मोजणी खाली यायची. थोडीशीच, पण दरवर्षी. दिवाळीच्या सुमाराला पुन्हा वर. नमुना जुना होत जातो त्याचा हिशोब वजा करूनही घट राहायचीच. सरांनी आधी यंत्राला शिव्या घातल्या, मग महावितरणला, मग लोणावळ्याच्या हवेला. ओलाव्याचा हिशोब लावून पाहिला, तो जुळेना. दिवसेंदिवस सरांचा चेहरा बदलत गेला. एका सोमवारी ते माझ्याकडे आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "मॅडम, बहुतेक खरं आहे ते. सूर्याचं."

मला त्यांची कीव आली. जन्मभर दुसऱ्याला कशावरून विचारणारा माणूस स्वतःच्या आलेखाच्या प्रेमात पडला होता. प्रेमात पडलेल्या म्हाताऱ्याला कोणी काही विचारू नये, म्हणून मीही विचारलं नाही.

नेमकं त्याच वेळी कॉलेजने भौतिकशास्त्राचा पदवीवर्ग बंद करायचं ठरवलं. प्रवेशच होत नव्हते. त्या जागी हॉटेल मॅनेजमेंट काढायचं होतं आणि आमच्या प्रयोगशाळांच्या जागी त्यांचं स्वयंपाकघर येणार होतं. लोणावळ्यात अणूपेक्षा पनीर टिक्क्याला मागणी आहे, हे संस्थेच्या लोकांना आमच्याआधी कळलं यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. सर प्राचार्यांकडे गेले. एरवी त्यांना कोणी खुर्चीही देत नसे, पण या वेळी ते सूर्य आणि अणू यांच्याबद्दल बोलले, आणि प्राचार्यांच्या डोळ्यांपुढे वर्तमानपत्रातला आपला फोटो आला. ठरलं असं की येत्या विज्ञानदिनी सरांनी आपला शोध जाहीर करायचा. शोध गाजला तर प्रयोगशाळा राहील. नाही तर जूनमध्ये शेगड्या येतील.

प्रयोगशाळेसाठी पैसा देणाराही मिळाला, आणि तो होता निलेश. तो मधल्या काळात कुठेतरी दक्षिणेकडे जाऊन केस वाढवून आला होता आणि त्याने खंडाळ्याला दरीच्या कडेला ऊर्जाकेंद्र काढलं होतं. मुंबईची माणसं तिथे येऊन भरपूर पैसे देऊन उपाशी राहायची आणि पहाटे सूर्याकडे तोंड करून बसायची. खंडाळ्याला वर्षातले चार महिने सूर्य दिसतच नाही, पण त्यांची त्याबद्दल तक्रार नव्हती. निलेशने सरांच्या पायाला हात लावला. "सर, तुम्ही जे मोजलंत ते आम्ही अनुभवतो," म्हणाला. "अणूसुद्धा सूर्याशी कनेक्टेड आहे." अशा वाक्यावर सरांनी पूर्वी त्याला खिडकीतून फेकला असता. या वेळी ते गप्प बसले. प्रयोगशाळा हवी होती ना.

त्याच वर्षी पाऊस सुरू व्हायच्या आधी सर बाजारात बल्ब आणायला गेले. पावसाळ्यात कपाटात बल्ब लावून ठेवणं हे लोणावळ्यात सांगावं लागत नाही. कपड्यांना बुरशी लागते, चामड्याला लागते, पुस्तकांना लागते. म्हणून मिरग लागला की घरोघरी कपाटाच्या तळाशी एक पिवळा बल्ब पेटतो आणि दिवाळीला विझतो. सरही दरवर्षी खालच्या फळीवर एक लावायचे, भिंगांसाठी. त्या वर्षी जुना बल्ब गेला होता. दुकानदार म्हणाला, "सर, पिवळं बल्ब आता कुटं ऱ्हायलं? येतच न्हाईत. ह्यो एलईडी न्या, बिल बी कमी येतंय." सरांनी किमतीवरून वाद घातला, तो एलईडी आणला आणि स्वतःच्या हाताने लावला.

त्या पावसाळ्यात घट आलीच नाही.

जुलै गेला, ऑगस्ट गेला, पृथ्वी सूर्यापासून लांब जाऊन परत फिरली, पण आलेख सरळ. सर सोमवारऐवजी रोज येऊ लागले. रेनकोटमधून पाणी ठिबकत असायचं आणि ते स्टुलावर बसून दाराकडे बघत असायचे. मला म्हणाले, "यंत्र बिघडलं असणार." पूर्वी घट दिसली तेव्हा यंत्र बिघडलेलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं, आता घट दिसत नव्हती म्हणून ते बिघडायला हवं होतं. हे मी त्यांना बोलून दाखवलं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर त्यांनी भिंगं पुसायला काढली. सगळ्या भिंगांवर बुरशी होती. इतक्या वर्षांत कधी आली नव्हती. बल्ब तर पावसाळाभर चालू होता, आताही चालू होता. सरांनी वाकून त्याला हात लावला. तो गार होता.

हे त्यांनी मला दुसऱ्या दिवशी माझ्या दारात उभं राहून सांगितलं. मी चहा विचारला तर म्हणाले, "चहा नको. तुमच्या कपाटात पिवळा बल्ब आहे का?" होता. साड्यांच्या खालून काढून दिला, आणि कुतूहल म्हणून त्यांच्यासोबत गेले. थंडीचे दिवस होते. सरांनी एलईडी काढून माझा बल्ब लावला, दार बंद केलं आणि आम्ही दोघं बसून राहिलो. दुपारपर्यंत कपाटाचं दार बाहेरून कोमट झालं होतं आणि मोजणी खाली आली होती. तेवढीच घट, जी दर पावसाळ्यात यायची. त्यांनी बल्ब काढला. संध्याकाळी मोजणी वर. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला, पुन्हा खाली. थर्मामीटर भिंतीवर शांतपणे खोलीचं तापमान दाखवत होता. यंत्र कपाटात शेकत होतं, इतकी वर्षं, आणि ते शेकलं की थोडं कमी मोजत होतं. अणूंचं काहीच बिघडलं नव्हतं.

"माझा बल्ब," सर म्हणाले. "मी लावलेला."

मी त्यांना सरळ सांगितलं. "सर, विज्ञानदिनाला थोडेच महिने राहिलेत. तुम्ही आणि मी सोडून हे कोणालाही माहीत नाही. प्रयोगशाळा वाचतेय. वाचू द्या. मग पुढच्या वर्षी सांगा सावकाश." मला ते तेव्हाही शहाणपणाचं वाटलं होतं, आजही वाटतं.

त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी ओळखत होते, नापास मुलांसाठी राखून ठेवलेली. "मॅडम, तुम्ही रसायनवाले," म्हणाले. "तुम्हाला अंदाजे चालतं."

विज्ञानदिनाला सभागृह भरलं होतं. निलेश पांढऱ्या झब्ब्यात व्यासपीठावर, शेजारी प्राचार्य, आणि पहिल्या रांगेत बेडशाहून आलेले आबा, डोक्याला नवा फेटा. सर उठले. पडद्यावर आलेख दाखवला. "दर पावसाळ्यात ही घट येते," म्हणाले. "ती सूर्यामुळे येत नाही. बल्बमुळे येते. बल्ब मी लावला. कपाटाच्या आतलं तापमान मी एकदाही मोजलं नाही, कारण मला ते सुचलं नाही. ते सुचलं नाही, कारण कपाटात बल्ब लावणं मला श्वास घेण्याइतकं सवयीचं होतं. हा प्रयोग विद्यार्थ्याने केला असता तर मी त्याला नापास केलं असतं. अणूची गती बदलते असं माझ्या मोजणीत कुठेही दिसत नाही. बस."

सभागृहात कोणाला काय करावं कळेना. प्राचार्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं, संपलं. पण निलेश उठला, दोन्ही हात जोडले आणि माईक हातात घेतला. "बघा," तो भरल्या गळ्याने म्हणाला, "याला म्हणतात नम्रता. एवढं मोठं संशोधन करायचं आणि श्रेय एका साध्या बल्बला द्यायचं!" टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या मागची बाई डोळे पुसत होती. सर ओरडत होते, "नम्रता नाही, चूक आहे! चूक!" पण त्यांच्यासमोरचा माईक आता बंद होता. आबा शेजारच्या माणसाला म्हणाले, "चुकलं म्हनतोय त्यो. आमचा दत्तू चुकलं म्हनतोय. म्या पयल्यांदाच ऐकतोय." टाळ्या वाजवणाऱ्या त्या सगळ्या शिकलेल्या माणसांत सरांचं बोलणं कळलेले आबा एकटेच होते, आणि ते खदाखदा हसत होते.

जूनमध्ये शेगड्या आल्या. नियमाप्रमाणे नमुना ज्यांच्याकडे द्यायचा त्यांच्याकडे गेला. अंधारखोलीत आता पिठाची पोती ठेवतात.

त्यानंतर निलेशच्या केंद्राचं रंगीत माहितीपत्रक निघालं. आत सरांचा फोटो, भाषण करतानाचा, तोंड उघडं आणि हात वर. खाली छापलं होतं की लोणावळ्यातल्या ज्येष्ठ वैज्ञानिकांनी सूर्य आणि अणू यांचं नातं सिद्ध केलं आहे. सर पोलिसांकडे गेले. तिथल्या साहेबांनी विचारलं, "तुमचं नुकसान किती झालं?" हे मला सरांनीच सांगितलं. आयुष्यभर दुसऱ्यांना किती विचारणाऱ्या या माणसाला स्वतःचा आकडा सांगता आला नव्हता. एरवी मला त्यात मजा वाटली असती, पण वाटली नाही.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते खंडाळ्याला. पुढे थंडीत ते बेडशालाच वारले, झोपेत, आणि मला ते दोन दिवसांनी कळलं. पण मी सांगते आहे ते सप्टेंबरातलं. एका मैत्रिणीला बघायला रिक्षाने चालले होते, शनिवार होता, मुंबईच्या गाड्यांची रांग लागली होती. निलेशच्या केंद्राच्या फाटकाबाहेर, पावसात, खाकी रेनकोटमध्ये सर उभे होते. मी रिक्षा थांबवली.

फाटकावरचा वॉचमन मला म्हणाला, "दर शनवार-रयवारी येत्यात, मावशी. मालक मला वरडत्यात, पर म्या काय करू? त्यो रस्ता काय मालकांचा न्हाई. खुर्ची दिली तर बसत बी न्हाईत."

एक मोठी गाडी आली. सर तिच्या खिडकीशी वाकले. "नमस्कार. माहितीपत्रकातला फोटो माझा आहे. त्यात लिहिलंय ते खोटं आहे. मोजणीत घट आली ती कपाटातल्या बल्बमुळे..." आतली मुलगी म्हणाली, "अंकल, पार्किंग किधर है?" त्यांना वॉचमन समजली होती. प्रश्न विचारला म्हणजे बरोबर उत्तर द्यायलाच हवं. सर म्हणाले, "बाईं तरफ. ढलान है, हँडब्रेक ठीक से खींचना." गाडी आत गेली.

"सर, ऐकतं का कोणी?" मी विचारलं.

"गेल्या रविवारी एक जण इथूनच परत गेला."

"तुमचं ऐकून?"

त्यांच्या नाकाच्या शेंड्यावरून पाणी गळत होतं. "तसं म्हणता येणार नाही," म्हणाले. "पार्किंग आवडलं नसेल."

मला या माणसाचा त्या क्षणी अभिमान वाटला. हे लिहिणंसुद्धा माझ्या जिवावर येतं आहे, पण वाटला. मी काहीतरी बोलायला लागले, घरी चला, चहा घ्या असलं काहीतरी, तेवढ्यात पुढची गाडी आली आणि ते माझं बोलणं अर्धवट टाकून तिकडे गेले. काच खाली आली नाही. सरांनी बोटाने काचेवर टकटक केलं, थोडं थांबले, आणि मग काच बंद असतानाच पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.